मिरगाची अळी आणि दसऱ्याची अळी

आटगाव स्टेशनवर उतरून तानसा तलावाकडे निघालं, की ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही बाजूंना हिरवं असायला हवं. भातं पिवळी पडायला लागलेली, बांधावर कुर्डू फुललेला आणि मागे साग-ऐनाचं रान अजून पावसाचं पाणी अंगात धरून उभं. त्या वर्षी मात्र डोंगराच्या उतारावर मोठमोठे तांबूस-तपकिरी डाग पडलेले होते. ऐन हिरवा होता, धावडा हिरवा होता, कळंब आणि बोंडारा हिरवे होते. करपलेला दिसत होता तो फक्त साग. वणव्याने येऊन झाडं निवडून निवडून जाळावीत, तसं ते दिसत होतं.

मी निघाले होते एका शेतकरी काकांच्या फोनवरून. शहापूर तालुक्यात, तानसा अभयारण्याच्या हद्दीबाहेर त्यांची वरकस, म्हणजे उतारावरची हलकी जमीन आहे. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी तिथे सुमारे तीनशे सागरोपं लावली. मुलीच्या शिक्षणाला, पुढे घराला उपयोगी पडतील म्हणून. फोनवर ते एवढंच म्हणाले, "ताई, साग जळाला. सगळाच."

मी शाळेत विज्ञान शिकवते. गेली आठ वर्षं ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या पतंगांच्या नोंदी ठेवते आहे. इथे पतंग म्हणजे फुलपाखराचे निशाचर भाऊबंद. हे प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे, कारण यात मी आधी चुकीचं नाव दिलं, आणि त्या नावामुळे एका माणसाचे पैसे खर्च झाले.

फोनवर दिलेलं नाव

पान न पाहता, अळी न पाहता मी काकांना फोनवरच सांगितलं की ही 'टीक डिफोलिएटर' आहे, म्हणजे हायब्लिया पुएरा या पतंगाची अळी. सागावरच्या किडींबद्दल काहीही वाचायला घेतलं की पहिलं नाव हेच येतं. त्यामुळे साग आणि अळी हे दोन शब्द एकत्र ऐकले, की जिभेवर तेच येतं.

त्या नावामागे वजनही आहे. केरळातल्या निलंबूरला १८४० च्या दशकात सागाची लागवड सुरू झाली, ती जगातल्या सर्वांत जुन्या सागलागवडींपैकी एक. तिथे केरळ वन संशोधन संस्थेच्या लोकांनी कोवळ्या लागवडीत प्रयोग केला. काही झाडांना या अळीपासून वाचवलं, काहींना नाही. वाचवलेल्या झाडांत लाकडाची वाढ वर्षाला हेक्टरी ६.७ घनमीटर झाली आणि न वाचवलेल्यांत ३.७. म्हणजे होऊ शकणाऱ्या वाढीपैकी ४४ टक्के अळीच्या पोटात गेली. हा आकडा मला पाठ होता आणि मी तो काकांना ऐकवला.

त्याच संध्याकाळी काका शहापूरला गेले आणि कीटकनाशकाच्या बाटल्या घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा पाठीवरचा पंप धुऊन अंगणात ठेवलेला होता. तो पंप पाहून मला पहिल्यांदा जाणवलं, की फोनवर सहज उच्चारलेलं नाव आता इथे औषध होऊन फवारलं जाणार आहे. मी काकांना म्हटलं, "आज फवारू नका. मला आधी पान बघू द्या."

पान वाचताना

सागाचं पान मोठं, हातभर लांब, जून झालं की पॉलिश कागदासारखं खरखरीत. काकांच्या रांगेतल्या पहिल्याच झाडाचं एक खालचं पान मी तोडलं आणि उन्हासमोर धरलं. पलीकडचा डोंगर दिसला. पान जागेवर होतं, आकार पुरा होता, देठ घट्ट होता, मधली शीर, बाजूच्या शिरा, त्या शिरांना जोडणाऱ्या केसाएवढ्या बारीक शिरा, सगळं शाबूत. नाहीसा झाला होता तो फक्त शिरांच्या मधला हिरवा गर. लेस विणून ठेवल्यासारखं ते पान होतं.

माझा अंदाज इथेच कोसळला. हायब्लियाची मोठी अळी पान असं नक्षीने खात नाही. ती मधली शीर आणि ठळक बाजूच्या शिरा सोडून बाकी सगळं कुरतडते. तिच्या तावडीत सापडलेलं झाड करपलेलं दिसत नाही, उघडं दिसतं. फांद्यांना पानांच्या जागी नुसत्या काड्या लोंबतात. माझ्यासमोर तीनशे झाडं होती आणि एकही उघडं नव्हतं. प्रत्येकावर पानांचा पुरा भार होता, पण तो तपकिरी. गर खाल्ल्यावर उरलेली जाळी वाळते आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं झाड जळालं. काकांनी फोनवर "जळाला" म्हटलं होतं, "बोडका झाला" म्हटलं नव्हतं. त्यांचा शब्द नेमका होता. मी तो ऐकला नाही.

काकांच्या शेजारच्या पाड्यावर एक आजी राहतात. राबासाठी, म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायला, पालापाचोळा गोळा करत त्यांचं आयुष्य या रानात गेलं. मी पानं उलटून पाहते आहे हे बघून त्या जवळ आल्या. मी विचारलं, "आजी, असं दरवर्षी होतं का?"

"व्हतं ना, बाय. कदी कमी, कदी जास्ती. मिरगात खातो तो येगळा. तो पान ठेवीतच नाय. ह्यो दसऱ्याचा, निस्ता करपवितो."

मी हे वहीत उतरवून घेतलं, पण त्या क्षणी मला ते पूर्ण कळलं नाही. मला वाटलं, आजी एकाच किडीच्या दोन पिढ्यांबद्दल बोलताहेत. खरं तर त्यांनी दोन जाती वेगळ्या करून, प्रत्येकीची खाण्याची रीत आणि प्रत्येकीचा महिना एका वाक्यात सांगून टाकला होता.

पुढचे दोन तास मी पानांवरच काढले. अर्धवट खाल्लेली, अजून हिरवी असलेली पानं शोधली, कारण खाणारा तिथेच सापडणार. पानाच्या पृष्ठभागावर विरळ रेशमी धाग्यांचा मांडव विणलेला होता आणि त्याखाली अळी. लांबी दोन-अडीच सेंटीमीटर, रंग हिरवट, पाठीवर जांभळट-तपकिरी रेघा आणि गडद ठिपके. काडीने डिवचल्यावर ती झटकन मागे सरकली आणि पानाला पाडलेल्या एका भोकातून पलीकडच्या बाजूला पळाली. हे भोक ती पळवाट म्हणूनच राखते. हायब्लियाच्या अळीची तऱ्हा निराळी. ती पानाच्या कडेला चीर पाडते, तो तुकडा दुमडून धाग्याने शिवते आणि त्या घडीत राहते. काकांच्या झाडांवर अशी शिवलेली घडी मला एकही सापडली नाही.

आता संशयित बदलला होता. पानाची जाळी करणारी 'टीक स्केलेटनायझर', युटेक्टोना मॅकेरॅलिस. पण एकदा चुकल्यावर पुन्हा घाईने नाव द्यायची माझी तयारी नव्हती.

चादरीवर आणि बरणीत

अभयारण्यात रात्री परवानगीशिवाय थांबता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तानसाच्या याच सागमिश्र रानात २०१४ मध्ये रानपिंगळा सापडला. एके काळी नामशेष मानलेलं हे छोटं घुबड, आणि ते राहतं ते असल्याच पानगळीच्या रानांत. रात्री उजेड घेऊन तिथे फिरणं कुणालाच परवडणारं नाही. म्हणून काकांच्या अंगणातच, झाडांपासून पन्नासेक पावलांवर, दोन बांबूंना पांढरी चादर ताणली आणि समोर दिवा लावला.

साडेसात ते अकरा एवढ्या वेळात चादर भरून गेली. पतंग बघायला बसणाऱ्या माणसाचा खरा त्रास इथे सुरू होतो. पिवळे, लहान, त्रिकोणी बसणारे पतंग चादरीवर चार-पाच प्रकारचे असतात. एक पिवळा, अंगभर काळे ठिपके असलेला. तो हळदीचं खोड आणि एरंडाची बोंडं पोखरणाऱ्या अळीचा, हा कोकणात कुठेही येतो आणि सागाशी त्याचं काही नातं नाही. दुसरे फिकट पिवळे, ज्यांच्या पंखांवरचे खवले झडून नक्षीच पुसली गेलेली. आणि काही असे, की पुढच्या पंखांवर पिवळ्या रंगात गुलाबी-तांबड्या नागमोडी रेघा, मागचे पंख जरा फिके आणि त्यांच्या कडेला तांबूस पट्टी. पंख पसरले तर जेमतेम अडीच सेंटीमीटर. वर्णनाप्रमाणे युटेक्टोना हीच.

पण चादर एवढंच सांगते, की हा पतंग आज रात्री इथे उडत होता. याच पतंगाच्या अळीने समोरचं झाड खाल्लं, हे चादर सांगू शकत नाही. उजेडाला पतंग लांबून येतो. चादरीवर आलेला प्रत्येक पतंग शेजारच्या झाडाचा धरला, तर आपण कुठल्याही झाडावर कुठल्याही किडीचा आळ घेऊ शकतो. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत असं केलं आहे.

म्हणून अळ्या वाढवायच्या ठरवल्या. दोनेक डझन अळ्या, त्या ज्या पानावर होत्या त्या पानासकट, प्लास्टिकच्या डब्यांत घालून ठाण्याला आणल्या. डब्याच्या झाकणाला बारीक भोकं, तळाला टिपकागद. सागाचं पान रोज ताजं मिळवणं हे शहरात मोठंच काम. आमच्या शाळेच्या मागे एक जुना साग आहे, त्याने या पंधरवड्यात मला फार मदत केली. चार-पाच दिवसांत मोठ्या अळ्यांनी पानाच्या दुमडीत पातळ रेशमी अस्तर विणलं आणि आत कोश केला. पुढच्या आठवड्याभरात एकेक करून रात्री पतंग बाहेर आले.

कोशातून नुकत्याच निघालेल्या पतंगाचे रंग चादरीवरच्या पतंगापेक्षा किती वेगळे असतात, हे सांगून पटत नाही. पिवळा हळदीसारखा, तांबड्या रेघा ओल्या शाईसारख्या. तेव्हा लक्षात आलं, की चादरीवर मी ज्यांना 'फिकट, अनोळखी' म्हणून बाजूला काढलं होतं, त्यांतले बरेचसे हेच होते, फक्त उडून उडून झिजलेले.

काही कोशांतून मात्र पतंग निघालेच नाहीत. निघाल्या त्या मुंगीएवढ्या, लांब मिश्यांच्या परजीवी माश्या. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातल्या या माश्या अळीच्या अंगात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं अळीला आतून संपवतात. काकांच्या तीनशे झाडांवर कुणी न सांगता, न विकत घेता काम करणारे मजूर होते ते. ही गोष्ट फवारणीच्या वेळी माझ्या फार उपयोगी पडली.

नावाबद्दल थोडं. १८५९ मध्ये फ्रान्सिस वॉकर यांनी या पतंगाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. त्यानंतर त्याची प्रजाती, म्हणजे नावातला पहिला शब्द, इतक्यांदा बदलली, की जुन्या कागदांत तो पायराउस्टा, कधी हॅपॅलिया, मग युटेक्टोना आणि अलीकडच्या काही लेखनात पॅलिगा असा भेटतो. नोंदी शोधताना ही चारही नावं शोधावी लागतात. शिवाय त्याचा एक जुळा आहे, पॅलिगा डॅमास्टेसॅलिस. थायलंड, मलेशिया, इंडोनेशियातल्या सागांची जाळी तो करतो. नुसते पंख बघून या दोघांना वेगळं काढणं धोक्याचं. त्यासाठी नर-मादीच्या जननावयवांची सूक्ष्मदर्शकाखाली तुलना करतात. १९९८ मध्ये अशी तुलना प्रसिद्ध झाली आणि भारतातला तो मॅकेरॅलिस, आग्नेय आशियातला तो डॅमास्टेसॅलिस असं ठरलं. तानसाजवळ सापडलेल्या पतंगाला मी मॅकेरॅलिस म्हणते आहे ते चार गोष्टी मिळून. पंखांची नक्षी, साग हे झाड, जाळी करण्याची रीत आणि देश. यांतली कुठलीही एकटी पुरेशी नव्हती.

बाटल्या परत

डब्यांतले सगळे पतंग बाहेर येण्याआधीच मला काकांना उत्तर द्यायचं होतं. दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा आधी माफी मागितली. म्हटलं, "काका, मी नाव चुकीचं सांगितलं. ही ती अळी नाही." मग पान हातात घेऊन त्यांना समजावलं.

साग आपली वर्षाची बहुतेक वाढ पावसाळ्यात करतो. ऑक्टोबरातलं पान म्हातारं, त्याचं काम झालेलं. दोन-तीन महिन्यांत ते तसंही गळणार. पान जून-जुलैत गेलं, तर झाडाचं नुकसान. दसऱ्याला गेलं, तर झाडाने ते जवळजवळ वापरून संपवलेलं असतं. ४४ टक्क्यांचा जो आकडा मी त्यांना घाबरवायला वापरला होता, तो मिरगाच्या अळीचा होता. निलंबूरच्या त्याच प्रयोगात जाळी करणाऱ्या अळीमुळे वाढीत दखल घेण्याजोगी घट दिसली नव्हती.

काकांनी विचारलं, "मग मारायची नाही का? डोळ्यांदेखत खाते ती."

मी त्यांना परजीवी माश्यांबद्दल सांगितलं. फवारणीने आधी त्या मरतात. शिवाय झाडं तीस फूट उंच, पाठीवरच्या पंपाचा फवारा पोचणार निम्म्यापर्यंत. आणि तिसरी गोष्ट त्यांना सगळ्यांत जास्त पटली. त्यांच्या वरकशीतून निघणारा ओहोळ खाली तानसा तलावाला मिळतो. १८९२ पासून मुंबई ज्या तलावाचं पाणी पिते, तो हा. काका म्हणाले, "आमची पोरगी पण मुंबईलाच आहे." बाटल्या सीलबंद होत्या, दुकानदाराने परत घेतल्या. जाण्यायेण्याचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी काकांची गेली, ती मी भरून देऊ केली तर त्यांनी घेतली नाही.

मिरगात

आजींचं अर्धं वाक्य अजून तपासायचं राहिलं होतं. "मिरगात खातो तो येगळा." जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, दोन चांगले पाऊस झाल्यावर मी पुन्हा गेले. सागाला नवी पालवी आलेली. आजींची नात कोवळं पान तळहातावर चोळून मेंदी काढल्यासारखा हात लाल करून हिंडत होती. कोवळ्या सागपानाचा हा लाल रंग तिथल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतो. ऑक्टोबरच्या खरखरीत पानाशी याचं काही साम्य नाही. हे मऊ, रसाळ, लवदार.

ओहोळाकाठच्या एका पट्ट्यात झाडाखाली उभी राहिले आणि पानांवर बारीक पाऊस पडल्यासारखा आवाज आला. आभाळ कोरडं होतं. पडत होती ती अळ्यांची विष्ठा, मोहरीएवढे काळे दाणे. वर पाहिलं तर कोवळी पानं कडेने चिरून दुमडलेली, धाग्याने शिवलेली. एक घडी उलगडली. आत काळसर अळी, पाठीवर नारिंगी-पिवळट पट्टा. खालच्या झुडपांवर धाग्यांनी लोंबत उतरणाऱ्या अळ्या होत्या. पूर्ण वाढलेली अळी अशी जमिनीवर येते आणि पाचोळ्यात, मातीच्या वरच्या थरात कोश करते. जाळी करणारीचं तसं नाही, ती पानातच कोश करते. कोश कुठे शोधायचा, हेही म्हणून नावावर अवलंबून आहे.

हायब्लिया पुएरा. या वेळी पुराव्यासकट. कोश घरी आणले, निघालेले पतंग तपासले. बसलेला असताना हा पतंग नुसता करडा-तपकिरी, वाळक्या पानाच्या तुकड्यासारखा, तोंडापुढे चोचीसारखी टोकदार मिशी. पण पुढचे पंख जरा बाजूला झाले, की मागच्या काळपट पंखांवरचे नारिंगी पट्टे एकदम उजळतात. युटेक्टोनाशी याचा घोटाळा पतंगाच्या रूपात कुणी करणार नाही. घोटाळा होतो तो पतंग न पाहता, नुसत्या 'सागावरची अळी' या शब्दांवर.

त्या पट्ट्यातल्या सगळ्या अळ्या जवळजवळ एकाच वयाच्या होत्या. केरळातल्या अभ्यासकांनी यावरूनच तर्क केला, की एकदम कोशातून निघालेले पतंग थव्याने जवळच्या कोवळ्या रानाकडे जातात आणि एकाच वेळी अंडी घालतात. मादी पाचशेच्या घरात अंडी घालू शकते. पिढी महिन्याभरात पुरी होते. मग एखाद्या टेकडीचा साग चार दिवसांत उघडा पडतो, यात नवल नाही.

दोन आठवड्यांनी गेले तर पुष्कळ अळ्या मागच्या पायांनी फांदीला धरून उलट्या लोंबकळत होत्या, अंग मऊ पडलेलं, हात लावताच पाण्यासारखं फुटणारं. हा त्यांच्यातला विषाणूचा रोग. केरळ वन संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात हाच विषाणू ओळखला आणि पुढे त्याच्यापासूनच फवारणीचं औषध बनवण्यावर काम केलं, जे फक्त याच अळीला मारतं. काकांच्या रानात तो विषाणू स्वतःच आला होता. जुलैअखेर झाडांना दुसरी पालवी फुटली.

आजींना मी सांगितलं, की तुम्ही म्हणालात ते बरोबर निघालं. त्या म्हणाल्या, "मंग काय, खोटं सांगीन?"

खाडीत

तेव्हा मला वाटलं होतं, की आता माझ्याकडे पक्का नियम आहे. मिरगात हायब्लिया, दसऱ्याला युटेक्टोना. पण सप्टेंबरच्या अखेरीला ओळखीच्या एकाने ठाणे खाडीतल्या तिवरांचे, म्हणजे खारफुटीतल्या झाडांचे, फोटो पाठवले. झाडंच्या झाडं निष्पर्ण. त्यांना खात्री होती, की कुणीतरी रसायन सोडलं.

ऐरोलीच्या बाजूने ओहोटीच्या वेळी जाऊन पाहिलं. तिवराची पानं देठापर्यंत खाल्लेली, उरलेल्या पानांत शिवलेल्या घड्या, घड्यांत काळसर, पट्टेदार अळ्या. सागावर मिरगात पाहिलेल्या त्याच. विक्रोळीच्या खाडीतही या किडीचा तिवरांवरचा प्रादुर्भाव आधी अभ्यासला गेला आहे, हे मग वाचनात आलं. तिवर आणि साग दूरचे, एक काटेकोरांटीच्या कुळातला, दुसरा तुळशीच्या. पण हायब्लियाचं ताट मोठं आहे. साग, निर्गुडी, टेटू, वारस, तिवर. युटेक्टोनाचं लहान, साग आणि त्याचे थोडे नातेवाईक.

खाली दिवसातून दोनदा भरती येणारा चिखल. इथे अळीला उतरून कोश करायला कोरडी जमीन नाही. मला कोश मिळाले ते पाण्याच्या रेषेच्या वर, पानांच्याच घड्यांत. साळुंक्या, कावळे, बुलबुल सकाळपासून झाडांवर तुटून पडले होते. महिन्याभराने पुन्हा गेले तेव्हा फांद्यांना नवी पानं होती. रसायन नव्हतं, झाडं मेली नव्हती.

पण माझा नियम मोडला होता. सप्टेंबर-ऑक्टोबरात हायब्लिया, तीही एवढ्या संख्येने. मी पुन्हा वही काढली. आजी मिरगाबद्दल बोलल्या त्या सागाच्या रानात राहून, सागाबद्दल. सागाचं कोवळं पान मिरगातच असतं, म्हणून हायब्लिया तिथे मिरगात. तिवर पानगळ करत नाही, पावसाळाभर नवी पानं काढतो, म्हणून तिथे ती पावसाच्या शेवटीही जगते. महिना पतंगाचा नव्हताच, तो पानाच्या वयाचा होता. सागाच्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी येतात, त्यामुळे मला फरक दिसला नव्हता.

त्या रात्री मी आठ वर्षांच्या जुन्या नोंदी उघडल्या. 'हायब्लिया पुएरा, साग' असं मी अनेक ठिकाणी लिहिलं होतं आणि त्यांतल्या तीन नोंदी ऑक्टोबरच्या, येऊर आणि जव्हारकडच्या, नुसत्या पानाच्या फोटोवरून केलेल्या. तिन्ही फोटोंत पान जागेवर, शिरा शाबूत, मधे उजेड. तिन्ही नोंदी दुरुस्त केल्या आणि प्रत्येकीपुढे एक नवा रकाना आखला: पान कोवळं की जून.

एक फोटो राहिला. ऑगस्ट, साग, वसईकडचं रान. पानाच्या डाव्या अर्ध्यात कडेने कापलेला मोठा तुकडा आणि एक जुनी, रिकामी, शिवलेली घडी. उजव्या अर्ध्यात बारीक जाळी सुरू झालेली. तो फोटो मी बराच वेळ मोठा करून पाहिला. मग त्या एका पानापुढे दोन्ही नावं लिहिली.